कार्यशाळेची वेळ पाण्याला विचारून ठरवा (ठाण्याची तळी, खाडी आणि नवी मुंबईचे धारण तलाव)

तळ्याकाठची

नमस्कार मंडळी,

उन्हाळा जवळ आला की ठाण्यात तळ्यांवरच्या कार्यशाळांना जोर चढतो. कुठे सोसायटी, कुठे शाळा, कुठे एखादा ज्येष्ठ नागरिक संघ पुढाकार घेतो. ठाण्यात आजही पस्तीसच्या आसपास तळी मोजतात. मासुंदा, उपवन, कचराळी, सिद्धेश्वर, रायलादेवी ही सगळ्यांच्या माहितीची, आणि गल्लीच्या टोकाला दडलेली कितीतरी. त्यांच्यासाठी लोक सुट्टीचा दिवस मोडून येतात याचा मला मनापासून आनंद होतो. अशा कार्यशाळांत पाण्याचे नमुने, किट आणि नोंदवह्या हा भाग मी सांभाळते. तिथे वारंवार दिसलेली एक गोष्ट इथे मांडते, कारण ती सुधारायला पैसे लागत नाहीत.

आपली कार्यशाळा ठरते रविवारी सकाळी दहा ते बारा. आधी सभागृहात माहिती, मग तळ्यावर फेरी, पाण्यात किट बुडवून ऑक्सिजन मोजायचा, आकडा फळ्यावर लिहायचा. आकडा चांगला येतो. सगळे समाधानाने घरी जातात. पुढे मे महिन्यात एका सकाळी त्याच तळ्यात मेलेले मासे तरंगताना दिसतात आणि "कुणीतरी विष टाकलं" अशी चर्चा सुरू होते.

विष टाकलेलं नसतं, निदान बहुतेक वेळा तरी. हिरव्या झालेल्या तळ्यात शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं. मासे, जिवाणू, तळाचा कुजणारा गाळ हे सगळेही रात्रभर वापरतच असतात. त्यामुळे दुपारी दोन-तीनला ऑक्सिजन कमाल असतो आणि पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, सगळ्यात कमी. ३० अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून विरघळून जास्तीत जास्त साधारण ७.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो. दुपारी किटवर याहूनही मोठा आकडा आला, तर तळं निरोगी आहे असं समजू नका. शेवाळ बेसुमार वाढलंय असा त्याचा अर्थ. त्याच तळ्यात पहाटे २ किंवा ३ सापडू शकतो, आणि तिथे माशांचा जीव गुदमरायला लागतो. पृष्ठभागाशी तोंड काढून मासे आ वासताना दिसतात ते यामुळेच.

म्हणजे सकाळी दहाचा आकडा ना पहाटेचा, ना दुपारचा. तळ्याची खरी स्थिती कळायची तर एकाच दिवशी दोनदा मोजायला हवं: पहाटे साडेपाचला आणि दुपारी तीनला. दोन आकड्यांमधलं अंतर जितकं मोठं, तितकं तळं जास्त आजारी. एवढं एकच तंत्र लोकांना नीट शिकवलं तरी कार्यशाळेचं सार्थक होतं.

खाडीचंही तेच. तिथलं घड्याळ भरती-ओहोटीचं, आणि आपण तिथेही रविवारी दहालाच जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जागा आणि वेळ पाण्याच्या सोयीने ठरवू या, वक्ता आणि सभागृह मग बघू. तुमच्या भागात असं कुणी करून पाहिलंय का?

येऊरवाट

ताई, धागा वेळेवर काढलात. उपवनला रोज फिरायला जाणाऱ्यांपैकी मी एक. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात ते पाहून आमच्यातले काहीजण त्यांना भूक लागली म्हणून ब्रेड टाकतात. आता कळलं की आपण नेमकं उलटं करतोय.

तळ्याकाठची

हो, आणि टाकलेला ब्रेड, पीठ, लाह्या माशांनी खाल्ल्या नाहीत तर त्या तळाशी जाऊन कुजतात. कुजताना पुन्हा ऑक्सिजनच खर्च होतो. श्रद्धेने टाकणाऱ्यांना आपण दुखवू नये. पण पहाटे मासे वर आलेले असतात त्याच वेळी तिथे उभं राहून, हातात किट घेऊन आकडा दाखवला की माणूस स्वतःहून थांबतो असा माझा अनुभव आहे. सभागृहात सांगून तो परिणाम होत नाही.

रविवारचा_माणूस

मुद्दा पटतो, पण व्यवहार बघा. मी ठाण्याहून रोज सीएसएमटीला जातो. आठवड्यातला एक दिवस मोकळा. पहाटे साडेपाचला तळ्यावर या म्हटलं तर येतील ते फक्त निवृत्त लोक आणि पक्षीनिरीक्षक, जे आधीच जागरूक आहेत. ज्यांना खरंच काही माहीत नाही, लहान मुलं घेऊन येणारे आईवडील, ते दहालाच येतात. कार्यशाळेचा हेतू विज्ञान की माणसं जोडणं? मला वाटतं माणसं जोडणं. थोडा चुकीचा आकडा चालेल, रिकामं मैदान चालणार नाही.

गाळ_आणि_गाथा

रविवारच्या माणसाशी अर्धा सहमत. आमच्याकडे कळव्यात एका शाळेत मधला मार्ग काढला गेला. आठवीची मुलं दोन गटांत. पहाटेचा गट पालकांसोबत खारेगावच्या तळ्यावर जाऊन मोजतो, बाटलीवर वेळ लिहितो. दुपारचा गट शाळा सुटल्यावर. आणि मग शनिवारच्या तासाला दोन्ही गट आकडे समोरासमोर ठेवतात. "तुमचं किट बिघडलंय" म्हणून मुलं एकमेकांशी भांडली, आणि त्या भांडणातूनच शिक्षकांनी प्रकाशसंश्लेषण शिकवलं. पुस्तकातला धडा मुलांना असा क्वचितच हाती लागतो.

सूचना एकच: ऑक्सिजनचा नमुना बाटलीत घेताना बुडबुडा राहू देऊ नका. बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरा, झाकणही पाण्याखालीच लावा. किटमधलं पहिलं रसायनही जागेवरच टाका. नमुना घरी नेऊन तपासला तर आकडा बदलतो.

तळ्याकाठची

@रविवारचा_माणूस, तुमची अडचण खरी आहे, ती मी बाजूला सारत नाही. मोठा कार्यक्रम दहालाच घ्या. फक्त त्या आधी पहाटे चार-पाच जणांनी मोजून ठेवलेला आकडा त्या दहाच्या कार्यक्रमात फळ्यावर लिहिलेला असावा. आलेल्या पालकांनी दहाचा आकडा स्वतः काढावा आणि शेजारी पहाटेचा बघावा. लहान मुलालासुद्धा फरक दिसतो. माणसंही जोडली जातात आणि खोटं चित्रही जात नाही. चुकीचा आकडा मात्र चालणार नाही. त्याच आकड्यावर पुढे "तलावाची स्थिती समाधानकारक" असं लिहिलं जातं, आणि मग कारंजं आणि रंगीत दिवे हाच उपाय ठरतो.

@गाळ_आणि_गाथा, ही दोन गटांची युक्ती मी वापरणार, तुमच्या परवानगीने.

वाशी_ते_बेलापूर

ठाणेकरांच्या धाग्यात नवी मुंबईचा एक प्रतिसाद चालेल ना? कारण "वेळ पाण्याची" हा मुद्दा आमच्याकडे जीवनमरणाचा आहे.

नवी मुंबईचा बराच भाग खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, भराव घालून उभा राहिला. मोठ्या भरतीचं पाणी काही सेक्टरांच्या जमिनीपेक्षा उंच चढतं. म्हणून शहर आखतानाच खाडीकाठाला धारण तलाव बांधले गेले. पावसाचं पाणी नाल्यांतून या तलावांत येतं. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा आहेत. ओहोटीला खाडी खाली गेली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि पाणी बाहेर पडतं. भरती आली की खाडीच्या दाबाने झडप आपोआप मिटते, आणि पुढचे काही तास जो पाऊस पडेल तो तलावाने पोटात ठेवायचा. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. खारबंदिस्तीतल्या (खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधातल्या) उघाडीचंच, म्हणजे झडपेच्या दाराचंच, हे मोठं रूप, आगरी शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेलं.

यातली मेख तलावाच्या पोटात आहे. गाळ भरत गेला की पोट लहान होतं. शिवाय झडपेत प्लास्टिक, लाकूड अडकलं की ती पूर्ण मिटत नाही, भरती आत शिरते, भरतीबरोबर तिवरीचं बी येतं आणि गाळावर तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, उगवते. एकदा कांदळवन उभं राहिलं की गाळ काढणं ही साधी देखभाल राहत नाही. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर कांदळवन तोडायचं तर अस्सल सार्वजनिक हित दाखवून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. एकीकडे पूर, दुसरीकडे जंगल. दोन्ही बाजूंचे लोक कळकळीने बोलतात आणि दोघांचंही खरं आहे.

आमच्या भागात यावर नागरिकांची बैठक झाली तेव्हा नकाशे दाखवले गेले, चर्चा तापली, कुणालाच काही नीट समजलं नाही. मग काहीजण जूनमधल्या उधाणाच्या (सगळ्यात मोठ्या भरतीच्या) दिवशी भरतीच्या दीड तास आधी झडपेपाशी जाऊन उभे राहिले. पाणी बाहेर वाहताना मंदावलं, थांबलं, झडप मिटली आणि फटीतून खाडीचं पाणी आत यायला लागलं. समोर, डोळ्यांदेखत. त्या फटीत अडकलेलं काय होतं तेही दिसलं. त्यानंतर पालिकेला दिलेलं पत्र अर्ध्या पानाचं होतं: झडपेचा क्रमांक, वेळ, फट, फोटो. अडकलेलं काढून फट बंद केली गेली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला, तो आणि भरती एकत्र आल्यावर काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलंय. पावसाळ्याआधीची प्रत्येक कार्यशाळा भरतीच्या तक्त्यापासून सुरू व्हावी असं मला वाटतं.

पामबीच_पहाट

वाशी_ते_बेलापूर, अतिशय सुंदर समजावलंत. मी नेरुळला राहते. आमच्याकडच्या पाणथळ जागांची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे: तिथे भरतीचं पाणी आत येणंच गरजेचं. येण्याची वाट बुजली की पाणी साचतं, हिरवट थर धरतो, रोहित पक्षी उतरत नाहीत. खाडीत मोठी भरती असते तेव्हा चिखलाची मैदानं पाण्याखाली जातात आणि पक्ष्यांना बसायला, विसावायला अशाच आतल्या उथळ जागा लागतात. त्यामुळे पक्षी मोजायचे असतील तर भरतीच्या वेळी आतल्या तळ्यावर आणि ओहोटीला खाडीवर. दोन्हीकडे चुकीच्या वेळी गेलं तर "यंदा पक्षीच आले नाहीत" असा निष्कर्ष निघतो आणि तो पुढे कुणाच्या तरी सोयीचा ठरतो.

चेंदणीकर

धागा वाचून राहवलं नाही. आम्ही चेंदणी कोळीवाड्यातले. आजोबांच्या काळी ठाण्याच्या खाडीत बोय, जिताडा, खरबी, कोळंबी, निवटी, चिंबोरी सगळं मिळायचं. म्हावरं आता खूप कमी झालं. पण खाडीचं वेळापत्रक आमच्या घरात अजून तोंडपाठ आहे आणि ते इथे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण कार्यशाळेला बोलावलं तर आमच्या लोकांना शाल-श्रीफळ देतात, बोलायला दोन मिनिटं देतात आणि मग पडद्यावर परदेशातल्या कांदळवनाची चित्रं लावतात.

हिशोब असा. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी साडेतीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा, ठाण्याच्या टोकाला पाणी आणखी थोडं उशिरा पोचतं, तेवढं धरून चालायचं.

आता चिखलात उतरून मुलांना निवटी, शिंपल्या, श्वसनमुळं दाखवायची असतील तर सकाळची चांगली ओहोटी हवी. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया धरा. तेव्हा ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते आणि उधाणाचा जोर अजून असल्यामुळे पाणी लांबपर्यंत उतरतं. अष्टमीला जाऊ नका. तो भांगाचा काळ, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, ओहोटीही भर दुपारी. गेल्या वर्षी आमच्या बंदराजवळ सफाई मोहीम झाली ती नेमकी भरतीत. शेकडो मुलं काठावर उभी, कचरा सगळा पाण्याखाली. पोरं हिरमुसली. मला फार वाईट वाटलं.

येऊरवाट

चेंदणीकर काका, हा प्रतिसाद मी छापून आमच्या सोसायटीच्या फलकावर लावणार आहे. तिथीचा हिशोब आजीकडून अर्धवट ऐकला होता, आज पूर्ण कळला.

कांदळवाट

चेंदणीकरांना दंडवत. त्यात सफाईबद्दल थोडी भर घालते, कारण दर मोहिमेत कुणीतरी जखमी होतं.

गमबूट नकोत. खाडीच्या चिखलात गमबूट रुततो आणि पाय एकटाच वर येतो. जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घोट्याभोवती घट्ट. कालवांची धार ब्लेडसारखी लागते, काचा आणि सुयाही असतात, म्हणून जाड रबरी हातमोजे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. तिवरीची श्वसनमुळं जमिनीतून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, ती झाडाची नाकं आहेत. त्यावरून शंभर माणसं चालली तर कचरा निघेल पण झाड गुदमरेल. म्हणून एका रांगेत, ठरवलेल्या एकाच वाटेने जायचं. मुळांत गुंतलेली पिशवी ओढायची नाही, कापून काढायची. गाळात पूर्ण गाडलेलं प्लास्टिक खणून काढू नका, त्याने रुजलेली रोपं उपटतात.

आणि कृपा करून उघड्या चिखलावर कांदळवन लावायचे कार्यक्रम घेऊ नका. हा विषय माझ्या फार जवळचा आहे. ओहोटीत उघडी पडणारी ती चिखलाची मैदानं ओसाड दिसतात, म्हणून तिथे रोपं लावून फोटो काढले जातात. पण रोहित आणि किनारपक्ष्यांचं ताट तेच आहे. चिखलावरचं सूक्ष्म शेवाळ, किडे, शिंपल्या यांवर ते जगतात. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला भाग २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सुमारे १,६९० हेक्टरपैकी ८९६ हेक्टर कांदळवन आहे, उरलेलं पाणी आणि चिखल. तो उरलेला भाग रिकामा पडलाय असं कुणी समजू नये. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला तो या सगळ्याला मिळून. कांदळवन परत आणायचं असेल तर भराव किंवा बांधाने अडलेली भरतीची वाट मोकळी करा. बी पाण्यावर तरंगत येतं आणि योग्य उंचीवर आपसूक रुजतं.

तिवर, कांदळ, काजळा, चिपी, मारांडी ओळखायला शिकवायचं असेल तर ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात मुलांना न्या. पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, हे सांगितलं की मुलं झाड शोधायला धावतात. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय उतरायचं नाही.

माशांची_पेटी

मी घरी मत्स्यालय ठेवतो. एक शंका: अशा कार्यशाळांत प्रवाळाबद्दलही शिकवता येईल का? मुलांना प्रवाळाचं फार आकर्षण असतं. ठाण्याच्या खाडीत प्रवाळ आहे का?

कांदळवाट

खाडीत प्रवाळाची भिंत सापडणार नाही. प्रवाळाच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला स्वच्छ पाण्यातून येणारा उजेड लागतो आणि आपली खाडी गाळाने गढूळ असते, पावसाळ्यात तिचं पाणी जवळजवळ गोडंही होतं. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर, वरळी आणि हाजीअलीच्या बाजूला, प्रवाळाच्या छोट्या वसाहती आहेत. किनारी रस्त्याच्या कामात त्यांतल्या काही दुसरीकडे हलवाव्या लागल्या. महाराष्ट्रातलं प्रवाळ बघायचं तर मालवण. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं. विजयदुर्गच्या समोर खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, पण तिथे सहज जाता येत नाही.

मुलांना मात्र हे जरूर सांगा की वन्यजीव कायद्याने प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे. दुकानात शोभेला मिळालं तरी विकत घ्यायचं नाही. खाडीत प्रवाळाच्या जागी कालवांचे थर दाखवा. कालवं कालवांवर वाढतात, त्यांच्या फटींत खेकडे आणि लहान मासे राहतात, आणि ती पाणी गाळून खातात.

माशांची_पेटी

धन्यवाद. आता मीही एक विनंती करतो, माझ्याच छंदबंधूंना. मत्स्यालय कंटाळवाणं झालं की मासे तळ्यात सोडणारे खूप आहेत. पुण्य म्हणून कासव सोडणारेही. लाल कानांची छोटी कासवं मूळची उत्तर अमेरिकेतली. काचा साफ करणारा, पोटाशी तोंड असलेला मासा दक्षिण अमेरिकेतला, तो तळ्याच्या काठात बिळं करतो. थाई मागूर तर दिसेल ते खातो, त्याच्या संवर्धनावर देशात बंदी आहे. एकदा तळ्यात स्थिरावले की काढता येत नाहीत. कार्यशाळेच्या ठिकाणी नको असलेले मासे आणि कासवं परत घेण्यासाठी एक टेबल ठेवा. ठाण्यातले आम्ही काही छंदी लोक ती जबाबदारी घ्यायला तयार आहोत.

तळ्याकाठची

माशांची_पेटी, हे टेबल येत्या कार्यक्रमात नक्की. निरोप पाठवते.

वरचे प्रतिसाद वाचताना एक जाणवलं: तळ्याचं दिवसाचं घड्याळ आपण बोललो, खाडीचं तिथीचं बोललो. तळ्याचं वर्षाचं घड्याळही आहे. मोसमातला पहिला जोराचा पाऊस हा सगळ्यात धोक्याचा दिवस. रस्त्यावरचं तेल, धूळ, गटारात महिनोन्‌महिने साठलेली घाण एका फटक्यात तळ्यात येते, आणि थंड पाऊस वरून पडल्याने वरचं-खालचं पाणी मिसळून तळाचं ऑक्सिजनहीन पाणी वर येतं. मासे मरण्याच्या घटना बऱ्याचदा त्या दोन-तीन दिवसांतही घडतात. त्या दिवशी छत्री घेऊन तळ्याभोवती फिरलं तर कोणत्या पाइपातून काय येतंय ते स्पष्ट दिसतं. इतर दिवशी ते पाइप कोरडे असतात आणि सगळं ठीक वाटतं. भर उन्हाळ्यातही ज्या पावसाळी पाइपातून पाणी ठिबकतंय, त्यात बहुधा कुणाचं तरी सांडपाणी जोडलेलं आहे असं समजा.

आणि गणेशोत्सवानंतरचे दिवस. कृत्रिम तलावांची वाट ठाण्याने फार आधी धरली, त्याचा अभिमान आहेच. तरी निर्माल्य पडतंच. विसर्जनाच्या आदल्या दिवशीचा नमुना घेतला नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

गाळ_आणि_गाथा

ताई, पालिका हल्ली जिवाणूंचं कल्चर टाकते, तरंगती हिरवी बेटंही सोडते. त्याचा उपयोग होतो का? आमच्या तळ्यात बेटं ठेवली, सहा महिन्यांनी सगळं वाळून कुजलं.

तळ्याकाठची

उपयोग होतो, पण घाण येण्याची वाट बंद झाल्यावर. सांडपाणी रोज येत असेल तर कल्चर म्हणजे फुटक्या टाकीत पाणी भरत राहणं. तरंगत्या बेटांचं तत्त्व चांगलं आहे. कर्दळ, वाळा, पाणकणीस यांच्या मुळांवर जिवाणूंचा थर धरतो आणि झाड पाण्यातलं नत्र-स्फुरद ओढून पानांत साठवतं. पण ती पानं कापून तळ्याबाहेर न्यायला हवीत. नाहीतर झाड मेलं की सगळं खत परत पाण्यात. जलपर्णीचंही तसंच, काढून काठावर ढीग लावला तर पहिल्या पावसात तिचा रस तळ्यातच जातो. बेट बसवायच्या कंत्राटात कापणी कोण, किती दिवसांनी करणार हे लिहिलेलं आहे का, ते विचारा. हा प्रश्न कुणीही विचारू शकतं.

रविवारचा_माणूस

सगळा धागा पुन्हा वाचला. माझा आक्षेप होता तो पहाटेच्या वेळेवर. तळ्याकाठची यांनी सुचवलेली फळ्याची पद्धत मला मान्य आहे. पण एक प्रश्न उरतो. एवढं सगळं नागरिकांनी मोजायचं, तर पालिकेचा प्रदूषण नियंत्रण विभाग कशासाठी? आपण फुकटात त्यांचं काम करून देतो आणि ते निवांत होतात, असं नाही का होणार?

वाशी_ते_बेलापूर

हा प्रश्न आमच्याकडेही उठतो आणि तो रास्त आहे. माझं उत्तर झडपेच्या अनुभवातून आहे. पालिकेचा नमुना ठरलेल्या दिवशी, कामाच्या वेळात, ठरलेल्या जागी घेतला जातो. पहाटे साडेपाचला किंवा उधाणाच्या भरतीत तिथे शासकीय माणूस येईल ही अपेक्षा आज तरी पूर्ण होत नाही. तुमच्या हातात तारीख, वेळ आणि जागा असलेली नोंद असेल तर अभियंत्याला "बघतो" म्हणता येत नाही. आम्ही त्यांचं काम करत नाही, आम्ही त्यांना काम दाखवतो. आणि त्यांच्यातही मनापासून काम करणारे आहेत. आमच्या वॉर्डातल्या एका कनिष्ठ अभियंत्याने पुढच्या वेळी स्वतःहून भरतीला यायची तयारी दाखवली.

रविवारचा_माणूस

पटलं. मग नोंद एकसारखी हवी, प्रत्येकाची वेगळी नको.

तळ्याकाठची

अगदी. एका ओळीत एवढंच: तळ्याचं नाव, काठावरची नेमकी जागा (दरवेळी तीच), तारीख, तिथी, वेळ, आकाश ढगाळ की मोकळं, पाण्याचं तापमान, ऑक्सिजन, पीएच, पारदर्शकता, वास, आणि मासे वर येतात का. ढगाळ हवामान मुद्दाम लिहा. सलग दोन-तीन दिवस ऊन नसलं की शेवाळ दिवसाही पुरेसा ऑक्सिजन करत नाही आणि पहाट अजून वाईट जाते.

पारदर्शकतेला २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी घ्या, जाड प्लास्टिकची चालेल. चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या, खाली वजन बांधा, दोरीवर सेंटिमीटरच्या खुणा. १८६५ मध्ये सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरूने याचं मूळ रूप, पांढरी तबकडी, वापरलं, आणि अजून त्याहून सोपं काही सापडलेलं नाही. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर खेचताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी. उन्हाची चकाकी टाळून, सावलीच्या बाजूने बघायचं. खाडीत ही तबकडी शेवाळाबद्दल काही सांगणार नाही, तिथे गढूळपणा गाळाचा असतो.

पामबीच_पहाट

या नोंदीत पक्ष्यांचा एक रकाना घालता येईल का? फक्त पाच-सहा ओळखीचे: पाणकोंबडी, खंड्या, वंचक, बगळा, पाणकावळा, टिबुकली. तज्ज्ञ असण्याची गरज नाही. आणि काठ काँक्रीटचा सरळ भिंतीचा आहे की उताराचा, गवताचा, हेही एकदा लिहून ठेवा. बेडकाला आणि पाणकोंबडीला चढउतार करायला उतारच लागतो. सुशोभीकरणात तो पहिल्यांदा जातो आणि मग पक्षी का कमी झाले याचं कारण कुणाला आठवत नाही.

तळ्याकाठची

घातला रकाना. काठाचाही.

तर सुरुवात अशी करू या का: ठाण्यात दोन तळी, एक मोठं गजबजलेलं आणि एक आडबाजूचं, कोळीवाड्याच्या बंदरावरून खाडी, आणि नवी मुंबईत एक झडप. पुढच्या मार्चपर्यंत पूर्ण वर्ष याच जागा, नवीन जागा जोडायचा मोह टाळून. वर्षाचे चारही ऋतू एका तळ्याचे मिळाले तर पस्तीस तळ्यांच्या एकेका भेटीपेक्षा जास्त कळेल. चेंदणीकर काका, खाडीच्या दिवशी बोलणं तुम्ही करावं, पडदा आणि चित्रं नकोत. चालेल?

चेंदणीकर

चालेल. पण मी एकटा नको. चिंबोरी आणि कालवांचं आमच्या घरातल्या बायकांना जास्त कळतं, त्या रोज चिखलात उतरलेल्या आहेत. आमच्या आत्याला घेऊन येतो, तिला बोलतं करा. आणि मानधन ठेवा, तिची सकाळची मासळीविक्री बुडते.

येत्या अमावास्येनंतरची तृतीया धरा. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सव्वाआठच्या पुढेमागे, ठाण्याकडे थोडी उशिरा. सात वाजता बंदरावर जमा, पाणी उतरताना बघायला मिळेल आणि साडेनऊला परत काठावर. त्यानंतर चिखलात कुणी थांबायचं नाही, पाणी वळलं की झपाट्याने येतं. दहा वर्षांखालच्या मुलांना काठावरूनच दाखवू. होडी एकच आहे आणि तीत सहाजणच बसतील, तेव्हा होडीतून यायचं असेल त्यांनी आधी नाव कळवा.

येऊरवाट

मी आणि माझी मुलगी. ती तेरा वर्षांची आहे. कॅनव्हासचे बूट आज आणतो.

कांदळवाट

मी येते. हातमोज्यांचे वीस जोड माझ्याकडे आहेत, ते आणते. वनविभागाच्या हद्दीबाहेरचीच जागा आहे ना, एकदा खात्री करून घेते.